मानसिक आजाराच्या रुग्णाला संशोधनात सहभागी व्हायला विचारले तर…

काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातल्या डॉक्टरांना एक पत्र आले. स्किझोफ्रेनिया असलेल्या, पण औषधांवर स्थिर असलेल्या रुग्णांचा एक अभ्यास सुरू होत होता. तुमच्याकडे असे कोणी येत असतील तर त्यांना माहिती द्या, एवढीच विनंती त्यात होती. मला लगेच एक गृहस्थ आठवले. वय पंचेचाळीसच्या आसपास, बीपीच्या गोळ्यांसाठी ते दर महिन्याला माझ्याकडे येत. पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर भाऊ आला होता. मी भावाला आत बोलावून पत्राबद्दल सांगितले. भाऊ म्हणाला, "नको डॉक्टर, उगाच डोक्याला ताप." मीही मान डोलावली. विषय तिथेच संपला. ज्यांच्याबद्दल हे बोलणे झाले ते बाहेर बाकावर बसले होते.

महिन्याभराने ते एकटेच आले. बीपी मोजून झाल्यावर शर्टाची बाही खाली करत म्हणाले, "डॉक्टर, त्या अभ्यासाचं मला का नाही विचारलंत? मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण विचारायचं तरी."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मधुमेहाच्या एखाद्या अभ्यासाचे पत्र आले असते तर मी भावाला आत बोलावून परस्पर निर्णय घेतला असता का? नसता. मानसिक आजाराच्या रुग्णाला जपायचे म्हणून आपण त्याच्या वतीने 'नाही' म्हणून टाकतो. कधी घरचे त्याच्या वतीने 'हो' म्हणून सहीसुद्धा करतात. दोन्ही वेळा चूक एकच होते. हा लेख तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कोणाला असे विचारले गेले तर उपयोगी पडावा म्हणून लिहितो आहे.

रुग्णच का लागतात?

उंदरांवर प्रयोग करून उदासी समजत नाही, आणि निरोगी माणसांवर अभ्यास करून कानात ऐकू येणारे आवाज कसे कमी होतात हे कळत नाही. ज्यांना आजार आहे त्यांनीच सांगितले तर कळते.

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. गोव्यात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्य असलेल्या 495 प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास झाला. तो 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता. मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडे पुरेसे नाहीत. मग मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीने सहा ते आठ बैठकींमध्ये समुपदेशन केले तर नैराश्य कमी होते का? केंद्रात कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या माणसांना आधी काही ठरावीक प्रश्न विचारले गेले. नैराश्य तीव्र दिसले त्यांना अभ्यासाची माहिती दिली. जे 'हो' म्हणाले त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार आणि त्याच्या जोडीला समुपदेशन, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटालाही वाऱ्यावर सोडले नव्हते. त्यांच्या तपासणीचा निष्कर्ष केंद्रातल्या डॉक्टरांना कळवला होता. तीन महिन्यांनी पाहिले तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे 39 टक्के होते.

हे आकडे त्या 495 माणसांमुळे मिळाले. त्यांतली कित्येक माणसे अंगदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन केंद्राच्या रांगेत उभी असतील. आपल्याला नैराश्य आहे हे कित्येकांना त्याच दिवशी पहिल्यांदा कळले असेल, आणि तेवढ्यात कोणीतरी कागद पुढे करून विचारले असेल, "अभ्यासात भाग घ्याल का?" हा क्षण सोपा नसतो. म्हणून तो नीट हाताळला जाणे फार महत्त्वाचे आहे.

स्किझोफ्रेनियाबाबतही असा एक अभ्यास झाला आहे. गोवा, आपला सातारा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणच्या 282 रुग्णांचा हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यातल्या उपचारांच्या जोडीला गावातला प्रशिक्षित कार्यकर्ता घरी येऊन मदत करत असेल तर रुग्णाची लक्षणे आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी काही प्रमाणात कमी होतात, असे त्यात दिसले. फायदा फार मोठा नव्हता. पण 'फायदा थोडाच होतो' हे कळण्यासाठीही कोणीतरी वर्षभर प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

उपचार वेगळे, संशोधन वेगळे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दवाखान्यात डॉक्टर जे करतात ते तुमच्यासाठी करतात. संशोधनात प्रश्नाचे उत्तर मिळवणे हा मुख्य हेतू असतो. त्यातून तुमचा फायदा होऊ शकतो, पण तशी हमी नसते. "मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी निवडलंय म्हणजे आमच्यासाठी काहीतरी खास औषध असणार," असे मी अनेक नातेवाइकांकडून ऐकले आहे. तुमच्या वाट्याला कोणता गट येणार हे चिठ्ठीवर ठरणार असेल, तर ते 'खास तुमच्यासाठी' कसे असेल?

संशोधन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन येते. प्रत्यक्षात बरेच अभ्यास प्रश्नावलीचे असतात. त्यात धोका कमी असतो, मात्र आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण, लहानपणीचे अत्याचार अशा विषयांवरचे प्रश्न असतील तर उत्तरे देऊन घरी गेल्यावर रात्र जड जाऊ शकते. "एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तर चालेल का?" आणि "त्रास झाला तर कोणाला फोन करू?" हे दोन प्रश्न आधीच विचारून ठेवा. काही अभ्यासांत रक्ताचा नमुना किंवा एमआरआय असतो. रक्तातून जनुकांचा अभ्यास होणार असेल तर नमुना किती वर्षे ठेवणार आणि पुढे दुसऱ्या कामाला वापरणार का, हे लेखी असले पाहिजे.

औषधाच्या चाचणीत मात्र थांबून विचार करा. तिथे मी माझ्या रुग्णांना तीन गोष्टी आवर्जून विचारायला सांगतो. पहिली, सध्याची गोळी बंद करावी लागणार आहे का? काही चाचण्यांत नवे औषध सुरू करण्याआधी जुने काही दिवस थांबवतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरच्या रुग्णाची गोळी थांबली की आजार उलटण्याचा धोका असतो, आणि तो धोका घरातल्या सगळ्यांना सोसावा लागतो. दुसरी, प्लासिबो आहे का? प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. ती नेहमीच्या औषधाच्या जोडीला देणार की त्याच्याऐवजी देणार, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरी, चाचणी संपल्यावर काय? औषध लागू पडले आणि ते बाजारात नसले तर पुढे मिळणार का?

भीती खोटी नाही

"आम्हाला उंदीर समजता का?" हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण त्याला इतिहास आहे. औषध चाचण्यांमध्ये रुग्णांना पुरती माहिती न देता सामील करून घेतल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या प्रकरणात न्यायालयाने 2013 मध्ये, रुग्णाला माहिती देऊन संमती घेण्याच्या प्रक्रियेचे व्हिडिओ चित्रण करायला सांगितले. पुढे 2019 मध्ये नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल यांचे नियम आले. या नियमांनुसार, पूर्णपणे नव्या रसायनाच्या चाचणीत स्वतःच्या हिताचे रक्षण करणे कठीण जाऊ शकते अशा रुग्णांची संमती घेताना हे चित्रण करावे लागते.

इथे एक व्यावहारिक अडचण येते. ज्याला आधीच वाटते आहे की कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे, त्याच्यासमोर कॅमेरा लावायचा! कॅमेरा कशासाठी आहे, चित्रण कोण पाहणार, हे आधी शांतपणे सांगितले तर बरेच जण तयार होतात असा अंदाज बांधायला हरकत नाही. नाही झाले तर तो त्यांचा हक्क आहे.

याच नियमांनुसार औषध चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात आणि भरपाईही द्यावी लागते. प्रत्येक संशोधनाला आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही असते. औषधांच्या चाचण्यांची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत करावी लागते. ही रजिस्ट्री इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. माहितीपत्रकावर नोंदणी क्रमांक असेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो तपासायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे.

सही कोणाची?

रुग्णाची. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे निर्णय घेण्याची क्षमता गेली, असा अर्थ होत नाही. स्किझोफ्रेनियाचे निदान असलेला माणूस दुकान चालवतो, बँकेचे व्यवहार करतो, मतदान करतो. मग चार पानांचे माहितीपत्रक समजून घेऊन 'हो' किंवा 'नाही' का म्हणू शकणार नाही? संशोधक त्याला एवढेच विचारून पाहतात की अभ्यास कशाचा आहे, त्यात काय करावे लागेल, धोका कोणता आणि नाही म्हटले तर काय होईल, हे तुमच्या शब्दांत सांगा. पहिल्या वेळी सांगता आले नाही तर पुन्हा समजावून सांगायचे असते. आपल्यापैकी किती जण गृहकर्जाचे कागद वाचून सही करतात, हा भाग वेगळा.

काही वेळा मात्र क्षमता खरोखरच कमी झालेली असते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत स्पष्ट आहे. रुग्ण समजून-उमजून संमती देऊ शकत नसेल तर घरच्यांनी सही केली आणि झाले, असे चालत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्यानंतर रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती. संमती देऊ शकणाऱ्या रुग्णांवर हा अभ्यास करता येणार नाही आणि तो अशाच रुग्णांच्या गरजांसाठी आवश्यक आहे, हेही पटवून द्यावे लागते. आणि सगळे कागद पूर्ण असले तरी रुग्ण विरोध करत असेल तर त्याला घेता येत नाही. तो हात झटकत असेल, तोंड फिरवत असेल तर ते 'नाही'च समजायचे.

क्षमता दिवसागणिक बदलते, म्हणून वेळही महत्त्वाची. बायपोलरच्या रुग्णाला मेनिया असताना विचारले तर तो हसतहसत तीन अभ्यासांत नाव देईल. खोल नैराश्यात असलेला माणूस वेगळ्या कारणाने 'हो' म्हणतो. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "माझं काय व्हायचंय आता, कोणाच्या तरी उपयोगी पडले तर पडले." वरून हा त्याग वाटतो, पण तो आजाराचा आवाज असू शकतो. मी त्यांना सांगितले की पंधरा दिवस थांबा, गोळी लागू पडू दे, मग ठरवा. घरच्यांना असे वाक्य ऐकू आले तर त्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. अभ्यासाचे राहू द्या, आत्महत्येचा विचार मनात आहे का हे आधी विचारले पाहिजे. अशा वेळी टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.

डॉक्टरांना नाही कसे म्हणायचे?

ज्यांच्या गोळ्यांवर आपण सावरलो त्याच डॉक्टरांनी विचारले तर 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. पुढच्या वेळी नीट बघतील ना, नंबर मागे टाकणार नाहीत ना, अशा शंका येतात. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी फक्त "कोणीतरी माहिती सांगायला आलं तर चालेल का?" एवढेच विचारावे आणि पुढचे बोलणे दुसऱ्याने करावे, ही पद्धत मला योग्य वाटते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाच्या सेवेत तर रुग्णाला आधीच विचारून ठेवतात की पुढे कधी संशोधनासाठी तुमच्याशी संपर्क साधला तर चालेल का. तिथे 'हो' म्हटले तरी तो फक्त संपर्काला दिलेला होकार असतो, अभ्यासाला नाही.

'नाही' म्हटल्याने उपचार थांबवता किंवा लांबवता येत नाहीत. कारणही द्यावे लागत नाही. मला ज्यांनी "का नाही विचारलंत" म्हणून धरले, त्यांना पुढच्या वर्षी आणखी एका अभ्यासाबद्दल मी स्वतः विचारले. त्यांनी माहितीपत्रक चार दिवस घरी ठेवले, दोन ठिकाणी पेनने खुणा करून आणले, आणि नाही म्हणाले. दर पंधरा दिवसांनी दोन एस.टी. बदलून जायचे आणि कामाचा खाडा करायचा, हे त्यांना परवडणारे नव्हते. प्रवासखर्च मिळणार होता, बुडालेली मजुरी मिळणार नव्हती.

पैशांचे आणखी एक. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मिळणे रास्त आहे. पण रक्कम एवढी मोठी असेल की तिच्याकडे बघून धोक्याचे पान वाचायचेच राहील, तर सावध व्हा. आणि संशोधनासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तर तिथून उठा.

घरी कोणाला कळणार?

शहरातल्या संशोधकांच्या हे पटकन लक्षात येत नाही. गावात कोणी पिशवीत फायली घेऊन स्कूटरवरून दर आठवड्याला एकाच घरी येऊ लागले की शेजारी विचारतातच. लग्नानंतर सासरी आजार सांगितलेला नसतो. मुलीचे स्थळ बघणे चालू असते. फोन नवऱ्याकडे असतो आणि "नैराश्याच्या अभ्यासातून बोलतेय" हे वाक्य नेमके त्याच्याच कानावर पडते. म्हणून सही करण्याआधी सांगून ठेवा: कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, भेट घरी की केंद्रात. नीट चाललेला अभ्यास या अटी लिहून घेतो. तुमचे नाव उत्तरांपासून वेगळे ठेवून त्याजागी क्रमांक वापरतात. मात्र जीव धोक्यात आहे असे दिसले तर संशोधकांना ते कोणाला तरी सांगावे लागते. ते कोणाला सांगतील, हेही विचारा.

काही अभ्यासांत काळजी घेणाऱ्या नातेवाइकांनाही प्रश्न विचारतात. तिथे त्यांची संमती वेगळी घ्यावी लागते. आई 'हो' म्हणाली आणि मुलगा 'नाही', असे होऊ शकते, आणि दोघांचेही म्हणणे मान्य करावे लागते.

कागद हातात आल्यावर

माहितीपत्रक मराठीत मागा, आणि मराठी कळत नसेल अशा शब्दांचे असेल तर सोप्या शब्दांत सांगायला लावा. "आत्ताच सही करा, बाकीचे थांबलेत" असे कोणी म्हटले तर त्याला थांबू द्या. कागद घरी न्या, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, त्याच्यासमोर वाचून दाखवून मग अंगठा. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. त्यावर मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तक्रार असेल तर दुसऱ्या नंबरवर करायची असते, हे फार थोड्यांना माहीत असते.

मध्येच बाहेर पडावेसे वाटले तर कधीही पडता येते. प्रश्नावलीचा अभ्यास असेल तर फोन करून कळवले की झाले. औषधाची चाचणी असेल तर अभ्यास सोडा, पण गोळी एका दिवसात सोडू नका. नैराश्याची आणि सायकोसिसची औषधे अचानक थांबवली तर त्रास होतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात किंवा बदलावी लागतात. आधी गोळा केलेल्या माहितीचे काय करणार, तेही तेव्हाच विचारून घ्या.

अभ्यास पूर्ण केलात तर निष्कर्ष कळवायला सांगा. उत्तरे यायला दोन-चार वर्षे लागतात, तोवर पत्ता बदलतो, नंबर बदलतो, आणि ज्यांनी वेळ दिला त्यांनाच काय निघाले ते कळत नाही. संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर 'निष्कर्ष कळवावेत' असे हाताने लिहून त्याखाली आपला पत्ता घातला तरी चालतो.